बोर्डाला लावलेलं कुंकू

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. सातवीत शाळा सोडली आणि पुढं भोसरीत नि नंतर चाकणला प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बसवण्यात सगळा जन्म गेला. पण मागच्या पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात प्रोसेसर या एका विषयावर एवढं बोलणं झालं, की तो शब्द कानावर पडला तरी अजून माझं डोकं उठतं.

चाकणजवळच्या या घरात आम्ही दोघंच. मी आणि नात. माझ्या मुलीची मुलगी. तिचे आईबाप बार्शीकडं असतात. ती अकरावीला इथं आली, कॉलेजासाठी राहिली, नोकरी लागली तरी राहिली. हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी गेम तपासायचं काम करते. म्हणजे बनवणारे गेम बनवतात आणि ही त्यातल्या खोड्या काढते. खोड्या काढायचा पगार देतात, हे मला खरं वाटायला बराच काळ गेला. काम बहुतेक घरूनच. ते संपलं की संध्याकाळी स्वतःसाठी खेळते, आणि ती खेळते ते लोक आपापल्या घरी बसून बघतात. तिचा लॅपटॉप या दोन्ही कामांना पुरेना. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. म्हणून मोठा कॉम्प्युटर करायचं ठरलं. तयार नाही, सुटे भाग आणून घरी जोडायचा.

तर प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू. तो करणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच. पोरं एकीच्या मालाला निळा म्हणतात, दुसरीच्याला लाल. मीही तेच म्हणतो. प्रोसेसर ज्यात बसतो तो बोर्ड. आमच्या धंद्याच्या भाषेत प्रोसेसर ही डाय आणि बोर्ड हा ती जिच्यावर बसते त्या प्रेसचा बेड. निळ्याचा प्रोसेसर लालच्या बोर्डात बसत नाही, लालचा निळ्याच्या नाही. एवढं पहिल्याच दिवशी कळलं. यापुढचं मला कळायची काही गरज नव्हती. पण माझ्या मुलानं त्यात घर आणून घातलं.

मुलगा हिंजवडीला लागून माणला राहतो. नातीची कंपनी त्याच्या गॅलरीतून दिसते. तोही पूर्वी गेम खेळायचा, आता वेळ नाही. त्याच्याकडं निळ्याचा भारीतला बोर्ड आणि रॅम तसाच पडून होता. तो एका रविवारी आला, चहा घेतला आणि भाचीला म्हणाला, "तू नुसता प्रोसेसर घे. बोर्ड माझा, रॅम माझा, कॅबिनेट माझं. आणि माझ्याकडंच राहायला ये. खोली रिकामी आहे, ऑफिस दोन पावलांवर आणि गुरुवारी लाईट जात नाही."

गुरुवारचं त्यानं बरोबर काढलं. आमच्याकडं कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, आणि दुरुस्तीच्या नावाखाली लाईटही त्याच दिवशी जाते.

म्हणजे निळा घेतला तर नात माणला जाणार. लाल घेतला तर सगळं नवं घ्यायचं आणि इथं, माझ्या घरात जोडायचं. त्या चहापासून मी लालवाला झालो.

बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती गेल्यावर लोक म्हणाले, सवय होईल. झाली नाही. मी कुकर लावायला शिकलो, तो नात जेवते म्हणून. एकट्यासाठी कोण शिट्ट्या मोजत बसतो? सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य बोलायला घरात माणूस लागतं. नात गेली तर ते वाक्य मी कुणाला म्हणणार होतो? टीव्हीला?

आता त्रास कुठं होता बघा. माझ्या धंद्याच्या हिशेबानं मुलाचंच बरोबर होतं. चांगला बेड पडून आहे, डाय बदलली की काम सुरू. असा बेड असताना नवी प्रेस मागणाऱ्याला आमच्या सुपरवायझरनं शॉपबाहेर काढला असता. आणि मी तेच मागत होतो. ज्या गोष्टीवर जन्मभर पोट भरलं तिच्या विरुद्ध बोलायचं, आणि तेही न कळणाऱ्या विषयात.

तरी बोलायचो.

"तुझा निळा तापतो म्हनं," मी मुलाला म्हणालो.

"कोण म्हणालं?"

"ही."

"मी असं नाही म्हणाले, आबा," नात म्हणाली. "त्याला मोठा कूलर लागतो, असं म्हणाले."

"मग तापतोच की. न तापणाऱ्याला कूलर कशाला?"

मुलगा हसला. "आबा, आमच्या ऑफिसात झाडून सगळे निळ्यावर काम करतात."

"तुमच्या ऑफिसात समदे दुपारी काकड्या खात्यात. म्हनून आमी भाकरी सोडायची का?"

"तुम्हाला काय करायचंय पण लाल-निळ्याशी?"

याला उत्तर होतं. ते मी दिलं नाही. मी तोंडावर बोलणारा माणूस. कंपनीच्या साहेबाला सगळ्यांसमोर म्हणालो होतो की तुमचं डोकं डायमध्ये ठेवून बघा, आकार तरी येईल. भावकीत माझ्याशी बोलायला लोक बिचकतात. पण नातीला "राहा" म्हणायचं, तर जीभ उचलेना. ती तरणीताठी पोर. तिला काय म्हाताऱ्याच्या कुकरला बांधून ठेवायचं?

नातीचंही ठरेना. रोज व्हिडिओ बघायची. एक बाबा लाल चांगला म्हणायचा, दुसरा निळा, आणि तिसरा सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणायचा की हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. अरे, आमची गरज आम्हाला कळत असती तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं? त्यात काहीजण नुसतेच थांबा म्हणणारे. आता घेऊ नका, पुढचा येतोय. पुढचा आला की म्हणणार, जरा थांबा, भाव उतरतील. भाव उतरेपर्यंत त्याच्या पुढचा येतोय. असं असेल तर माणसानं घ्यायचं कधी?

माझी बायको अशी नव्हती. चाकणच्या बाजारात ती कांद्याच्या ढिगात हात घालायची, एक कांदा दाबायची आणि मला म्हणायची, पिशवी धरा. मुलाला बायको तिनं अशीच बघितली. सून चांगली निघाली. माझे शर्टसुद्धा बायकोच आणायची. निवडायची वेळ माझ्यावर तिनं कधी येऊ दिली नाही, आणि आता या वयात ही प्रोसेसरची आली.

एकदा मी स्वयंपाकघरात असताना नातीला विचारलं, "त्या लालमध्ये असं काय हाय गं? नीट सांग. मला मामाला सांगता आलं पायजे."

तिनं ओट्यावरचा मिसळणाचा डबा पुढं ओढला. "आज्जी हा गॅसजवळ का ठेवायची?"

"हाताशी लागतो म्हनून."

"आणि वर्षाच्या मसाल्याची बरणी?"

"माळ्यावर."

"तसंच. प्रोसेसरला हाताशी एक डबा असतो. लालच्या एका प्रोसेसरमध्ये तो खूप मोठा दिलाय. गेम खेळताना सारखं माळ्यावर चढावं लागत नाही."

"मग झालं की. लाल घे."

"पण माझ्या कामात एका वेळी खूप गोष्टी शिजत असतात. त्याला चुली जास्त लागतात, आणि चुली निळ्यात जास्त."

"एका बाईला इतक्या चुली कशाला?"

"आज्जी पण दोन गॅस आणि मागची चूल, तिन्ही एकदम पेटवायची की."

मी डब्यात बघितलं तर मोहरी तळाला गेली होती आणि हळदीचा दगड झाला होता. बायको गेल्यापासून त्यात कुणी काही भरलं नव्हतं. आम्ही दोघं तयार मसाल्याच्या पुड्या फोडून भागवत होतो.

"अजून एक आहे," नात म्हणाली. "लालचा बोर्ड पुढंही चालेल. त्यांचे पुढचे प्रोसेसर त्याच बोर्डात बसतील म्हणतात. मामाचा बोर्ड त्याच्या जातीतला शेवटचा. त्यात आता आहेत तेवढेच बसणार, नवे नाहीत."

मला एकदम जोर आला. "ह्येच सांग की मग मामाला."

"सांगितलं."

"काय म्हनला?"

"म्हणाला, पुढचा प्रोसेसर येईपर्यंत तू एका जागी राहणारेस का? लग्न होईल, बंगलोरला जाशील. टिकाऊ बोर्ड घेऊन काय करायचाय?"

ती हे हसत सांगत होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर जाऊन बसलो.

नवरात्र बसायच्या आत तिनं ठरवलं. निळा. मला समोर बसवून नीट सांगितलं, तेवढा मान दिला. रॅमचे भाव कुठल्या कुठं गेलेत, मामाचा बोर्ड फुकट मिळतोय, मग सगळं नवं घेणं वेडेपणा आहे. "आणि मी कायमची नाही चालले, आबा. शनिवार-रविवार येईनच."

"ये की," मी म्हणालो. एवढंच.

प्रोसेसर चिंचवडच्या एका दुकानातून आमच्या पत्त्यावर आला. निळं खोकं, सील केलेलं. मुलगा खंडेनवमीला इकडं यायचाच होता. तो बोर्ड आणि रॅम घेऊन येणार, दोघं मिळून इथं जोडून बघणार, चालला की दसरा करून सगळं सामान आणि नात गाडीत घालून माणला नेणार, असा बेत झाला. सून तिच्या माहेरी गेली होती.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी मशिनी धुतात. शॉपमधल्या प्रत्येक प्रेसला हळदकुंकू, झेंडूची माळ, मग बुंदी आणि फरसाण. घरी ही पूजा बायको करायची. माझा पाना, माप घ्यायचा व्हर्नियर, हातोडी, तिची विळी, कात्री, खुरपं, सगळं पाटावर. आधी प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसायची. आणि तिचा एक हट्ट होता. काहीही झाकलेलं चालायचं नाही. व्हर्नियर मी पेटीतच ठेवायचो, तर म्हणायची, "काढा भायेर. खोक्याला कुंकू लावून काय उपेग? हत्याराला लागलं पायजे." आदल्या वर्षी ती गेल्यामुळं सण केला नव्हता. वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि ही पहिली खंडेनवमी. मी ठरवलं, ती करायची तशीच करायची, काही कमी ठेवायचं नाही.

मुलगा सकाळी आला, बोर्डाचं खोकं टेबलावर ठेवलं आणि नातीला घेऊन झेंडू आणायला चाकणला गेला. जाताना म्हणाला, "आबा, पूजेची तयारी करून ठेवा."

मी केली. पाट मांडला. माझी हत्यारं पुसली, विळी पुसली. मग म्हटलं, आता या घरातलं कामाचं हत्यार म्हणजे नातीचं. ते पाटावर नको? प्रोसेसरचं खोकं घेतलं, पण त्याला सील होतं. सील आपण तोडायचं नसतं, ही कंपनीची शिस्त अंगात. म्हणून त्याला वरूनच बोट लावलं आणि मनातल्या मनात बायकोची माफी मागितली. बोर्डाच्या खोक्याला सील नव्हतं. तो बाहेर काढला, पिशवी काढली, पाटावर ठेवला. मधोमध एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं. झाकण म्हटल्यावर मला तिचा आवाज ऐकू आला. काढलं. खाली बाजरीच्या कणसासारखं बारीक, दाट, सोनेरी काहीतरी चमकत होतं. मी म्हटलं, हाच बेड. जीव इथंच आहे.

ओल्या फडक्यानं पुसला. फडकं जरासं अडकलं. मला वाटलं, कचरा असेल, म्हणून परत एकदा फिरवलं. मग हळद, मग कुंकू, मग फुलानं थोडं पाणी, वर दोन अक्षता.

दोघं आली तेव्हा मी उदबत्ती लावत होतो. नातीच्या हातातली झेंडूची पिशवी तशीच राहिली. मुलगा पाटासमोर उकिडवा बसला आणि बोर्डाकडं बघत राहिला.

"आबा, हे काय केलंत?"

"पूजा."

"सॉकेटमध्ये?"

"मग कुठं? तिथंच बसतो ना तुझा प्रोसेसर?"

"पुसलात पण?"

"न पुसता कुंकू लावत्यात व्हय?"

त्यानं मोबाईलची लाईट मारून आत बघितलं. ते सोनेरी कणीस म्हणजे तारा होत्या. केसाहून बारीक. फडक्यानं त्या आडव्या झाल्या होत्या, काही फडक्याबरोबर निघूनच आल्या होत्या. वर कुंकवाचा चिखल.

तो उठून म्हणाला, "तुम्ही मुद्दाम केलंत."

"काय?"

"ती जायला नको होती तुम्हाला. पहिल्या दिवसापासून लाल-लाल चाललंय. मला काय कळत नाही?"

"आरं, तुझ्या आईनं जशी केली असती तशी—"

"आईला मध्ये आणू नका. तुम्ही डाय सेटर होतात, आबा. एवढ्याशा चऱ्यावरून क्वालिटीवाल्याशी भांडायचात. आणि असल्या नाजूक कामावर ओलं फडकं मारू नये, हे तुम्हाला कळलं नाही?"

"डाय पुसूनच बसवत्यात," मी म्हणालो. "न पुसता बसवली तर जॉब बाद."

हे शंभर टक्के खरं होतं. जन्मभर हेच केलं. बेड आधी पुसायचा, मग त्यावर काय ते ठेवायचं. पण मी जे बोलत होतो ते मलाच वकिली वाटायला लागलं. कारण हा बोर्ड मोडून फायदा एकट्या माझाच होता. चोरी झाली आणि माल तुमच्या घरात सापडला, मग तुम्ही काय शपथा घेणार?

त्याच दुपारी आम्ही तिघं चिंचवडच्या त्या दुकानात गेलो. दुकानदारानं भिंग लावून बोर्ड बघितला आणि परत दिला. प्रोसेसरचं खोकं फोडलेलं नव्हतं म्हणून त्यानं बदलून द्यायची तयारी दाखवली. खोक्यावरच्या कुंकवाबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याच्या काउंटरवरच्या सगळ्याच खोक्यांना तसलीच बोटं होती. फरक एवढाच, की त्यानं वरून लावलं होतं.

नातीनं तिथंच उभ्या उभ्या ठरवलं. मामाचा बोर्ड गेलाच आहे, नवाच घ्यायचा तर पुढं चालेल असा घेते. लाल. आणि जोडायचा तो आबांकडंच, म्हणाली. इतके महिने जे व्हिडिओ बघून ठरलं नाही ते चहा गार व्हायच्या आत ठरलं. मुलानं खिशातून रॅमची डबी काढून तिच्या हातात ठेवली. "घे. हा लालमध्येही बसतो." माझ्याकडं न बघता म्हणाला. घरी येताना चाकणच्या चौकातल्या ट्रकांनी गाडी भरपूर अडकवली आणि तो नुसता हॉर्न वाजवत राहिला. दसऱ्याचं सोनं त्यानं मला दिलं, पाया पडला आणि एकटा माणला गेला.

कॉम्प्युटर इथं जोडला. खालच्या खोलीत, बायकोची शिलाई मशीन होती त्या भिंतीला. मशीन आम्ही खिडकीकडं सरकवली. नात जमिनीवर बसून स्क्रू लावत होती, मी लांब खुर्चीवर. जवळ यायची मला बंदी होती.

स्क्रू फिरवता फिरवता ती म्हणाली, "आबा, एवढं वाटत होतं तर तोंडानं सांगायचं ना."

"मी मुद्दाम न्हाई केलं."

"असू दे हो."

"आगं, खरंच न्हाई केलं. पूजा म्हनून—"

"आज्जीपण अशीच होती. सांगायची काही नाही, करून मोकळी व्हायची." ती हसत होती. आणि हसताना डोळे पुसत होती, मनगटानं, कारण बोटांना कसलीशी पांढरी पेस्ट लागली होती. "मला वाटायचं, तुम्हाला माझी अडचणच होते. सारखे खेकसत असता. मी जाते म्हटल्यावर नुसतं 'ये की' म्हणालात."

मी खुर्चीवरून उठलो आणि बंदी आठवून परत बसलो. काय सांगणार होतो? की पोरी, तुझा गैरसमज आहे, मी तुला थांबवायला काहीच केलं नव्हतं? मला बोट उचलायचं धाडस नव्हतं, फडकं मारलं ते सवयीनं? खरं तेच होतं. ते सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणजे मी गेले असते तरी चाललं असतं. चाललं नसतं. तेही खरं होतं. पण ही दोन्ही खरी एका वाक्यात कशी बसवायची ते मला आलं नाही. एकाला बसवलं की दुसरं बाहेर.

तेव्हापासून मी गप्प आहे, आणि त्याचाच संताप येतो. जन्मात कुणाची भीड ठेवली नाही, खोटं बोललो नाही, आणि म्हातारपणी घरात लबाड ठरलो. तेही कौतुकानं. नात तिचा खेळ बघणाऱ्यांना ही गोष्ट रंगवून सांगते. दारामागून ऐकू येतं. "माझ्या आबांनी मला थांबवायला बोर्ड मोडला," म्हणते, आणि ते लोक हसतात. मुलगा फोनवर म्हणतो, "काय आबा, जिंकलात." मी हं म्हणतो. सगळ्यांना पटलेली गोष्ट एकट्या मलाच माहीत आहे की खोटी आहे. बायको असती तर तिला सांगितलं असतं. तिनंही विश्वास ठेवला नसता.

नात अजून इथं आहे. किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गुरुवारी लाईट गेली की तिचा तो लाल प्रोसेसर बंद पडतो, मग ती स्वयंपाकघरात येऊन म्हणते, आबा, जेवायला काय आहे. परवा तिनं कॉम्प्युटरला काचेचं दार लावून घेतलं. म्हणाली, "येत्या खंडेनवमीला कुंकू काचेला. आत हात घालायचा नाही."

"बरं," म्हणालो.

झाकलेल्याला लावायचं, एवढंच मनाला पटत नाही.